फेस का धरत नाही

परदेशातल्या, हॅमिल्टनच्या त्या घरात सगळ्यांत जास्त लाड कोणाचे होत असतील, तर हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे. टाकी छोटीच, पण तिच्यातल्या दोन नारिंगी माशांचं आणि मूठभर प्रवाळाचं जेवढं कौतुक होतं, तेवढं मनोरमाबाईंचं बाळंतपणातही झालं नव्हतं. नात धम्मदीना शाळेतून आली की दप्तर फेकून आधी टाकीशी. माशांना भरवायचं ते तिनंच. बाबालाही त्यात हात घालायची परवानगी नव्हती.

मनोरमाबाईंच्या वाट्याला यायची ती सकाळची वेणी. पोरीला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत, आणि ते आजीला निम्मंच कळे. केसांना खोबरेल तेल चोळताना मात्र बोलण्यावाचून काही अडत नसे. ती आजीच्या गुडघ्याला पाठ टेकून, वेणीच्या टोकाशी खेळत निवांत बसे. "आई, तेल जरा कमी लावा ना, उशांचे अभ्रे बघा," सून राजश्री म्हणे. मनोरमाबाई मान डोलवत आणि होतं तेवढंच तेल ओतत.

एका शनिवारी मुलानं, सुमेधनं, टाकीत स्किमर बसवला.

"हे बघ आई, ही नळी पाण्यात बारीक बुडबुडे सोडते. घाण फेसाला चिकटते, फेस वर चढतो आणि या कपात पडतो."

"पाकावरची मळी काढतो तसंच की."

"एक्झॅक्टली. फक्त नवा आहे, रुळायला वेळ घेईल."

रुळला. कपात काळपट, घाणेरड्या वासाचं पाणी जमलं, तेव्हा पोरगा बोर्डात आल्यासारखा सुमेध तो कप घरभर दाखवत हिंडला. आणि दुसऱ्याच सकाळी फेस बसला. सुमेधनं पंप धुतला, नळी वर केली, खाली केली. संध्याकाळपर्यंत फेस जरा धरायचा, सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाणी गढूळ होऊ लागलं. प्रवाळ अंग आखडून बसलं. धम्मदीना काचेला नाक लावून रडू लागली.

मनोरमाबाईंना कारण ठाऊक होतं. वेणी झाली की पोरगी तशीच उठायची, टाकीवर वाकायची. तेलकट बोटं पाण्यात, वेणीचं टोकही पाण्यात, आणि पाहता पाहता फेस खाली. जन्मभर तेलकट कढया घासलेल्या बाईला हे कोणी शिकवायला नको होतं. पण त्या बोलल्या नाहीत. बोललं की तेल बंद, आणि तेल बंद म्हणजे ती सकाळ बंद. मग या परक्या गावात आपण नुसतीच एक म्हातारी, जिला कोणीतरी वेळेवर चहा देतं.

नात रडत जेवणावरून उठली, तेव्हा मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सुमेध, तेलानं होतंय ते," त्या म्हणाल्या. "तिच्या हाताचं तेल. वेणीचं. मला आधीच सांगायला हवं होतं."

 सुमेध कपाळावर हात मारून हसला. "अगं आई, मी इंटरनेट पालथं घातलं!" आणि लगेच त्याच्यातला इंजिनीअर जागा झाला. त्यानं पोरीलाही बोलावून घेतलं. "आजपासून रूल. ज्याच्या अंगाला तेल, त्यानं टाकीला हात लावायचा नाही."

"हो, बरोबर आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. तेलाची बाटली त्यांनी स्वतःच उचलून बॅगेत, साड्यांच्या खाली ठेवली.

सकाळी त्या कोरडी फणी घेऊन बसल्या. धम्मदीना आली, फणीकडे पाहिलं, आजीच्या हातांचा वास घेतला आणि आत गेली. आली ती बाटली घेऊन. वाटेत थांबून तिनं माशांच्या खाऊचा डबा सुमेधच्या हातात दिला.

"बाबा, यू फीड देम. नॉट टू मच, ओके?"

"आणि तू?"

"आय हॅव आजी," ती म्हणाली आणि गुडघ्याला पाठ टेकून बसली.

एवढं इंग्रजी मनोरमाबाईंना कळत होतं. त्या दिवशी त्यांना भांग काही केल्या सरळ पाडता आला नाही.