शेजारचा उमेदवार

न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआतल्या शाळेबाहेर आसावरी आईची वाट पाहत उभी होती. आई आत जिममध्ये मत द्यायला गेली होती. आसावरीला इथं मत नव्हतं. ती सीमेपलीकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये राहायची. गाडीनं जेमतेम पाऊण तास. जानेवारी असूनही हवा उबदार होती. कडेचे बर्फाचे ढीग काळे पडून वितळत होते आणि उमेदवारांच्या पाट्या धरलेली माणसं चिखल चुकवत उभी होती.

बाबा असते तर आत्ता वाद रंगला असता. शेजारच्या राज्यातून आलेल्या उमेदवाराला न्यू हॅम्पशरमध्ये फायदा होतो का? दर प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानाला, हाच विषय.

"आपल्याकडे चॅनेल्स सगळी बॉस्टनची," बाबा म्हणायचे. "तो रोज आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतो. निम्मी लढाई तिथंच जिंकली."

"आणि त्याची लफडीही आपण रोज बघतो. अतिपरिचयात अवज्ञा, बाबा."

मागच्या खेपेला, दोन हजार चारमध्ये, मॅसॅच्युसेट्सचाच उमेदवार इथं जिंकला आणि बाबांचं खरं ठरलं होतं. तेव्हा त्यांनी तिला फोन करून नुसतं हसून दाखवलं होतं. ही प्रायमरी त्यांना मिळाली नाही. ऑक्टोबरातच ते गेले.

आता इथलं घर विकायचं होतं, आणि आई आपल्याकडेच येणार याबद्दल आसावरीच्या मनात शंका नव्हती. धाकटा सिद्धेश पार कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. तिनं वरची खोली रिकामी केली होती, देवांसाठी भिंतीला फळी ठोकून घेतली होती. आज मतदान उरकलं की आईला नेऊन ते सगळं दाखवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"काय मॅसॅच्युसेट्सवाले! आमच्याकडे मतं मागायला?" बाबांचे ऑफिसातले मित्र अतुलकाका हातात पाटी घेऊन समोर आले.

"छे हो काका. ड्रायव्हर म्हणून आलेय."

"यंदा तुमच्या मॅसॅच्युसेट्सच्या उमेदवाराचं काही खरं नाही बघ. लोक म्हणतात, हा काय, इथलाच, कधीही भेटेल. लांबचा माणूस बिचारा इथं तळ ठोकतो, दारोदार हिंडतो. पिकतं तिथं विकत नाही."

"बाबांनी तुम्हाला इथंच झोडपलं असतं."

"झोडपलंच असतं!" काका हसले आणि मग पाटीची काठी उगाच चिखलात रुतवत राहिले. "आता वहिनीपण फ्रीमाँटला चालल्या. चहाला कुणाकडे जायचं यार मी?"

"हो ना," आसावरी म्हणाली. आपल्याला ठाऊक होतं, अशा आवाजात.

आई कोटावर मतदानाचा स्टिकर लावून बाहेर आली. गाडीत बसून पट्टा लावेपर्यंत आसावरी थांबली.

"सिद्धेशकडे चाललीयेस?"

"अतुलभावजींना काही पोटात ठेवता येत नाही. आज सांगणारच होते तुला."

"मी खोली तयार केलीय, आई."

"मला काय माहीत गं?"

"ते सांगायला कशाला हवं? मी इतकी जवळ..."

"जवळ आहेस खरी." आईच्या आवाजात राग नव्हता. "रविवारी येते म्हणायचीस. मग बर्फ पडायचं, नाहीतर तुझं डोकं दुखायचं. तो तिकीट काढायचा, म्हणून यायचा. तेराव्यानंतर माझ्याशेजारी जमिनीवर बसून म्हणाला, आई, माझ्याकडे येशील? इथली माणसं म्हणतात ना, तोंडानं मागितल्याशिवाय मत द्यायचं नाही. तुझ्या बाबांना फार आवडायचं ते."

आसावरीनं किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेवर झाडावरून पाणी ठिबकत होतं.

"मग आता विचारते. माझ्याकडे येशील?"

आईनं तिच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

"त्याला हो म्हणून बसले, बाळा."

पाट्यांच्या घोळक्यातून कुणीतरी आनंदानं हात हलवला. दोघींपैकी कुणीच उलट हलवला नाही.

"उन्हाळ्यात ये फ्रीमाँटला," आई म्हणाली. "तिकीट आत्ताच काढून ठेव. म्हणजे येशील."