ऑल्डनच्या घोड्याची गोष्ट

काउबॉयच्या सिनेमात गोष्टी पाच. पहिल्याच गोष्टीला म्हाताऱ्या ऑर्विल स्टेन्सरुड यांचं डोकं फिरलं. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून एका शहाण्याने नऊ माणसं आडवी केली.

"मध्ये गोळ्या भरल्यास कधी रे? जेवायला बसला होतास तेव्हा?" ते मोठ्यानेच म्हणाले. मागच्या रांगेतले गुराखी फिदीफिदी हसले.

दुसरी बरी निघाली. घोडागाडीवरच्या दरोड्यात पोटात गोळी बसलेला माणूस दिवसभर पाणी मागत मेला. पोटात गोळी लागली की माणूस असाच मरतो. तिसरीत फासावर चढवतानाही विनोद. सगळं थिएटर हसलं, ऑर्विलना किळस आली. चौथीत एका बाईने नवऱ्याच्या खुन्याला कुऱ्हाडीने तोडलं, तेव्हा मात्र त्यांनी नकळत मान डोलावली.

पाचवी त्यांच्या घरातली होती. नात मारेन सिनेमावाल्यांचे घोडे सांभाळायची, तिनेच ती सांगितली होती. ऑर्विलचा धाकटा भाऊ ऑल्डन घोड्यावरून पडला, बूट रिकिबीत अडकला आणि कुंपणाच्या आत गोल फेऱ्या मारत घोड्याने त्याला फरफटवून मारलं. असं झालं तर घोड्याला तिथल्या तिथे गोळी घालायची, हे मोंटानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठीच तर कमरेला पिस्तूल. पण त्या दिवशी ते नेमकं घरी राहिलं, असं ऑर्विल चाळीस वर्षं सांगत आले होते.

पडद्यावर डोकं खांबावर आपटलं. गालाची कातडी सोलून निघाली. मग थोरल्या भावाने पिस्तूल उपसलं, एका गोळीत घोडा कोसळला आणि धाकटा रक्तबंबाळ, पण जिवंत उठून बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर उन्हात येताच मारेनने त्यांचा दंड धरला.

"शेवट मी बदलायला लावला, आजोबा. म्हटलं, निदान सिनेमात तरी तुमच्या हातात पिस्तूल असू दे. आवडलं?"

तिचे डोळे भरून आले होते. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आजवर भागलंच होतं. पण त्या टाळ्या काही केल्या कानांतून जाईनात, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"पिस्तूल होतं," ते म्हणाले. "कमरेलाच होतं."

"काय?"

"ऑल्डन ओरडत होता, मार, ऑर्वी, मार त्याला! दोन फेऱ्या ओरडला. मी पिस्तूल उपसून नुसता उभा."

"मग मारलं का नाही?"

"घोडा फार गुणी होता गं. दोन वर्षं मीच शिकवलेला. वाटलं, आता थांबेल."

मारेनचा हात त्यांच्या दंडावरून सुटला.

"आणि?"

"थांबला ना," ऑर्विल म्हणाले. "चौथ्या फेरीला."