आप्पासाहेबांची सही

भिंगारच्या बाजारामागे लिडियाबाईंचं घर होतं आणि घराखालची जमीन आप्पासाहेबांची. तीस वर्षांचा भाडेपट्टा. मुदत संपली की जागेवर जे उभं असेल ते जमीनमालकाचं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. नवरा वारलेला, नर्सची नोकरी संपलेली. बहात्तर साली लिडियाबाईंनी घर विकून शेवगावला धाकट्या बहिणीकडे, दयाकडे, जायचं ठरवलं. नागापूरच्या कारखान्यातल्या गोरक्षला घर पसंत पडलं.

"पर बाई, मार्चात पट्टा संपतोय," तो म्हणाला. "आदी तो वाढवून घ्या. न्हाईतर आप्पासाहेब उद्या मलाच भाईर काढायचे."

आप्पासाहेब समोरच राहत. लकव्याने डावी बाजू गेली होती, जीभ तेवढी शाबूत. मुलगा पुण्याला. स्वयंपाकाची लंकाबाई सकाळी यायची, दुपारी जायची. लिडियाबाईंनी नेलेला कागद त्यांनी उशाखाली सारला.

"सही करीन की, सिस्टर. मी काय पळून चाललोय? तेवढी पाठीला पावडर लावा."

त्यांनी पावडर लावली. दुसऱ्या दिवशी अंग पुसलं. मग ते रोजचंच होऊन बसलं. कूस बदलायची, भांडं द्यायचं, चादरी धुवायच्या. विहिरी आटल्या होत्या. लिडियाबाई आपल्या वाटचं पाणी त्यांच्या अंगाला वापरत. सहीचा विषय काढला की आप्पासाहेबांचं काहीतरी निघे. दिवाळी होऊ द्या. मुलगा येऊन जाऊ द्या. आज हात थरथरतोय.

कुणी भेटायला आलं की म्हणत, "ही आमची फुकटची नर्स. घरापायी लाळ गाळतीय." एकदा भरवलेला घास त्यांनी लिडियाबाईंच्या पदरावर थुंकला आणि खदखदून हसले. लिडियाबाईंनी पदर धुतला आणि दुसरा घास कालवला.

मार्च उजाडला तसं गोरक्षने दुसरं घर घेतलं. हे ऐकून तरी म्हाताऱ्याला लाज वाटेल, म्हणून लिडियाबाईंनी त्यांना सांगितलं.

"बरं झालं," आप्पासाहेब म्हणाले. "सही मी करनारच नव्हतो. आठवड्यानं घर माझंच हाय. तुमी कुठं जानार? ऱ्हावा तिथंच, माझं करत."

लिडियाबाईंनी त्यांचं तोंड पुसलं, चादर नीट केली आणि घरी न जाता थेट बाजारात, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी माणसं छपरावर चढली. कौलं उतरली, वासे उतरले. नवऱ्याने स्वतः रंधा मारून बसवलेलं दार निघेना, तेव्हा गडी थांबला.

"फोडा," लिडियाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत भिंतीही आडव्या झाल्या. अंगणातलं लिंबाचं झाड राहिलं होतं. गडी म्हणाला, "हे असू द्या, बाई. फळाला आलंय." तेही त्यांनी तोडायला लावलं.

आप्पासाहेबांची खाट खिडकीशी होती. धूळ आत येत होती, लंकाबाई केव्हाच गेली होती. ते ओरडत होते. शेवटी लिडियाबाई खिडकीशी आल्या, तेव्हा आप्पासाहेबांनी उशाखालचा कागद उजव्या हाताने ओढून काढला.

"सही करतो, सिस्टर! पेन द्या!"

"आता कशावर करता?"

"बरं, कूस तरी बदला. पाठ जळतीय. पानी द्या घोटभर."

लिडियाबाईंनी बाहेरून खिडकी ओढून घेतली आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

शेवगावला दयाने त्यांना पडवीत खाट दिली. मेहुणे ताटाकडे बघत; लिडियाबाई एक भाकरी कमी खात. पावसाळ्यात बाजाराला आलेला गोरक्ष भेटायला आला. दयाची पोरं लिडियाबाईंच्या पायांशी खेळत होती.

"आप्पासाहेब गेले, बाई. पाठीला जखमा पडल्या, किडे झाले हुते. थुंकायची खोड, त्यापायी एक बाई टिकंना. लई वरडायचे. तुमचंच नाव घ्यायचे."

"किती दिवस?"

"महिनाभर तरी."

"महिनाच?" लिडियाबाईंनी विचारलं.

दया उंबऱ्यात उभी होती. तिने बहिणीकडे एकदा पाहिलं आणि पोरांना आत बोलावून घेतलं.