वाकडी झालेली रेघ

मिस्त्रींचं डोकं अगदी चालेनासं झालं होतं. आरोग्य केंद्राची जीप रस्त्यावर भरकटते, एवढीच काय ती तक्रार. पण त्या तक्रारीने त्यांच्या तोंडची चव पळवली होती. ही काही गुळगुळीत रस्त्यावरून मिरवणारी गाडी नव्हे! डोंगरावरच्या वस्त्यांवर लस पोचवायला ती दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, कड्याच्या अगदी काठाने जायची. आणि तिच्यात पुढच्या सीटवर बसायच्या नर्सबाई, म्हणजे खुद्द मिस्त्रींची बायको. उद्या सकाळी तिला पुन्हा वर जायचं होतं.

मिस्त्री तसे शिस्तीचे. महत्त्वाचा प्रत्येक नट घट्ट केला, की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी एक पिवळी रेघ ते रंगाने ओढत. नट जरा जरी फिरला, की रेघ मधोमध तुटते आणि तिचे दोन तुकडे दोन दिशांना तोंड करून बसतात. खाली वाकलं की लगेच कळतं. आता गाडीखाली आडवं पडून, बॅटरी मारून त्यांनी सगळ्या रेघा पुन्हा पुन्हा पाहिल्या. सगळ्या सरळ! टायर बदलून झाले, शॉकअब्सॉर्बर बदलून झाले. गाडी आपली भरकटतेच आहे.

"मिस्त्री, स्टिअरिंग ऐकतच नाही हो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "खड्डा आला की खालून कटकट वाजतं, आणि गाडी कधी इकडे, कधी तिकडे."

"अहो काका, रेघा बघा की! एक तरी वाकडी आहे का?"

"नाही ना! मीही तेच म्हणतोय, सगळं झकास दिसतंय. मग होतंय तरी काय?"

मिस्त्रींना आधी काकांच्या हातांचा संशय आला, मग स्टिअरिंगचा, आणि शेवटी स्वतःच्याच अकलेचा.

दुपारी नर्सबाई समोरच्या केंद्रातून शेडमध्ये डोकावल्या. नवऱ्याचा चेहरा बघूनच त्यांना काय ते समजलं.

"अहो, नटाला पाना लावून बघितलात का?"

"रेघ सरळ आहे म्हटल्यावर पाना कशाला लावायचा?"

"वा! मग मीही पोराच्या तोंडाकडे बघून ताप लिहीत जाते. थर्मामीटरची कटकटच नको!"

मिस्त्री चिडले, पण त्यांनी पाना उचलला. ते पुन्हा गाडीखाली शिरले आणि स्टिअरिंगचा बॉक्स जिथे चासिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो, तिथल्या पहिल्याच नटाला त्यांनी पाना लावला. जोर लावावा लागलाच नाही. नट गरकन फिरला! दुसरा तर नुसत्या बोटांनीच हलला!

मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. रेघ सरळ, आणि नट ढिला? ही काय भुताटकी? उद्या बायको याच गाडीत बसणार होती!

"काका!" ते खालूनच ओरडले. "या रेघेला कोणी हात लावला होता का?"

"मी लावला," काका अगदी अभिमानाने म्हणाले. "दर आठवड्याला गाडी धुतली की बघतो. या दोन-तीन रेघा सारख्या वाकड्या व्हायच्या. मग पुसायच्या आणि सरळ काढायच्या. तुम्हीच म्हणता ना, रेघ सरळ पाहिजे!"

मिस्त्री बाहेर आले. चेहरा लालबुंद, हातात पाना. "काका, तुम्हाला काही अक्कल..."

"थांबा," नर्सबाई मध्ये पडल्या. "त्यांच्यावर ओरडू नका. रेघ कशासाठी असते, हे त्यांना सांगितलं होतंत?"

मिस्त्री आठवू लागले. रेघ पुसट दिसली म्हणून आपण काकांना चारचौघांत झापलं होतं, हे त्यांना आठवलं. रेघ सरळ पाहिजे, असा दम भरल्याचंही आठवलं. का पाहिजे, हे मात्र कधी बोलल्याचं आठवेना.

"नाही सांगितलं," ते हळूच म्हणाले.

"मग त्यांनी तुमचा हुकूम पाळला. आपण सगळीकडे हेच करतो बघा. दम भरतो, कारण सांगत नाही. मग माणसं काम सांभाळण्याऐवजी बोलणी चुकवायला बघतात. काकांचं चुकलं, पण त्या चुकीत निम्मा वाटा तुमचा आहे."

काकांचा चेहरा आता पांढराफटक पडला होता. "म्हणजे... ती रेघ मला सांगत होती, आणि मी तिचं तोंड बंद करत होतो? देवा रे! बाई, मी तुम्हाला घेऊन जात होतो हो त्या कड्यावरून!"

मिस्त्रींनी काकांचा हात धरला आणि त्यांना शेजारी बसवलं. धक्क्यांनी नट कसा हळूहळू मागे फिरतो, नायलॉनची कडी असलेला नट एकदा सैल झाला की पुन्हा का वापरायचा नाही, आटे आधी साफ का करायचे, ठरल्या ताकदीला खट्‌ वाजणाऱ्या पान्यानेच का आवळायचं, सगळं सांगितलं. मग दोघांनी मिळून नवे नट बसवले, नव्या रेघा ओढल्या. "नवे नट थोड्या प्रवासानंतर बसतात आणि जरा सैल पडतात," मिस्त्री म्हणाले. "म्हणून चढ लागायच्या आधी थांबायचं आणि बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला. जीप चढाच्या पायथ्याशी उभी होती. मिस्त्री अवजारं घेऊन मोटारसायकलवर धावले. नर्सबाई लसीचा डबा मांडीवर घेऊन एका दगडावर बसल्या होत्या, आणि काका शाळकरी पोरासारखे ओशाळून उभे होते.

"मिस्त्री, रेघ वाकडी झालीय," ते म्हणाले. "मी तशीच ठेवलीय."

मिस्त्रींना भरून आलं. "शाब्बास, काका!" म्हणत त्यांनी काकांची पाठ थोपटली. ते गाडीखाली शिरले आणि नट पुन्हा आवळला. त्या दिवशी वस्त्यांवर लस उशिरा पोचली, पण पोचली.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत अशा कितीतरी रेघा रोज सरळ करून दाखवल्या जातात, कारण वाकडी रेघ दाखवणाऱ्याला आपण बोलणी ऐकवतो. नियम सांगाल तेव्हा त्याचं कारणही सांगा. आणि कोणी येऊन "वाकडी झालीय" म्हणालं, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याने कोणाचा तरी जीव वाचवलेला असतो!