वर्गातला नवरा

वहिनींचा नवरा आज त्यांचा इंग्रजीचा वर्ग बघायला येणार होता. नवरा गोदामात सुपरवायझर. घरात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत, जन्मदाती आईसुद्धा. “तिथे जाऊन नेमकं काय करतेस ते एकदा डोळ्यांनी बघतो, मग परीक्षेचं ठरवू,” असा हुकूम साहेबांनी सोडला होता. परीक्षा पास झाली की दवाखान्याच्या रिसेप्शनवर वहिनींना नोकरी मिळणार होती. साहेबांनी नाक मुरडलं की सगळ्यावर पाणी.

वहिनींना धाकधूक होती ती स्वतःच्याच थापांची. टीचरांचा नेम असा, की रोज प्रत्येकानं उठून काल घरात काय घडलं ते इंग्रजीत सांगायचं. भूतकाळाचा सराव! पहिल्या दिवशी वहिनी उठल्या. आदल्या रात्री घरात घडलं होतं ते इतकंच, की भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून साहेबांनी ताट भिरकावलं होतं. ते चारचौघांत सांगवेना. म्हणून त्या म्हणाल्या, “काल माझ्या नवऱ्यानं चहा केला.” वर्गातल्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी कौतुकानं “अगंबाई!” म्हणाल्या, आणि वहिनींना चटकच लागली.

मग काय, त्या नवऱ्यानं भांडी घासली, तापात बायकोचं डोकं चेपलं, एकदा तर तिच्या साडीला इस्त्रीही केली. खरा नवरा घरात इकडची काडी तिकडे करत नव्हता. सोबत शिकणारे वॉचमनकाका मात्र वर्गात आल्या आल्या विचारत, “मग वहिनी, काल काय केलं दादांनी?”

साहेब मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले, गोदामात माल तपासायला बसावं तसे. वॉचमनकाका उठून थेट त्यांच्यापाशी गेले.

“दादा, आमच्या घरी रोज तुमचं नाव निघतं. बायको मला ऐकवते, शीक जरा त्यांच्याकडून!”

“चहात आलं घालता का हो तुम्ही?” मावशींनी विचारलं.

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. आता आभाळ कोसळणार, परीक्षा गेली, नोकरी गेली. आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून वाटत होतं, कोसळू दे. या माणसाला एकदा, सगळ्यांच्या देखत, लाज वाटू दे.

“घालतो ना,” साहेब म्हणाले. “ठेचून घालतो. घरकाम काय फक्त बायकांनीच करायचं?”

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. टीचरसुद्धा वाजवत होत्या.

“वहिनी, आज तुमच्यापासून सुरुवात,” टीचर म्हणाल्या.

वहिनी उभ्या राहिल्या. खरं वाक्य जिभेवर तयार होतं, आणि इंग्रजीत त्यांना ते आता बिनचूक बोलता आलं असतं. साहेब मागून डोळे रोखून बघत होते.

“काल माझ्या नवऱ्यानं भात लावला,” वहिनी म्हणाल्या, आणि खाली बसल्या. साहेबांनी समाधानानं मान हलवली.

घरी येताच साहेबांनी कोचावर पाय पसरले. “परीक्षेला बस तू. भली माणसं आहेत.”

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांना संताप आला, आणि साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त आला. एवढा चांगला नवरा त्यांनी रोज थोडा थोडा करून घडवला, आणि या माणसानं तो अंगावर शर्ट चढवावा तसा चढवला. त्यांची एकुलती एक मौजही आता त्याची झाली.

“अगं, चहा टाक,” कोचावरून आवाज आला.

वहिनींनी आलं ठेचलं, चहा केला, कप नेऊन दिला. साहेब सावकाश फुरके मारत प्याले आणि रिकामा कप त्यांनी वहिनींच्या हातात परत दिला.

“उद्या सांग हं वर्गात,” ते म्हणाले, “आजचा चहा मी केला म्हणून.”