ब्रदर क्लेटनचं तीर्थ आणि पाच सेंटांचं नाणं

आमच्या नेब्रास्कातल्या नाणे-मंडळात दर शनिवारी नऊ माणसं आणि कॉफीचं एक भांडं जमतं. त्या शनिवारी मात्र सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. फिरते धर्मोपदेशक ब्रदर क्लेटन आले होते.

ब्रदरांकडे जॉर्डन नदीचं पाणी होतं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. झिजून साल पुसलं गेलेलं पाच सेंटांचं नाणं पुढे ठेवायचं, पेटीत पाच डॉलर टाकायचे. ब्रदर डोळे मिटून थेंब सोडत आणि सपाट धातूतून आकडे वर येत. बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. नाण्याला फक्त क्षमा हवी असते, असं ब्रदर सांगत होते. नाण्याने पाप काय केलं, हे कुणी विचारलं नाही. साल उगवलं की नाणं तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं, दर्जा ठरून ते सीलबंद डबीत परत येतं, मग मागाल ती किंमत.

रांगेत आमचा न्हावी ऑर्व्हल बेन्के होता, वडिलांचं नाणं घेऊन. ते विकून त्याला कवळी करायची होती. दंतवैद्याची वेळही घेऊन झाली होती.

त्याची पाळी आली आणि हेडविगबाई उठल्या. बाईंनी निम्म्या गावाला रसायनशास्त्र शिकवलंय, उरलेल्या निम्म्याला नापास केलंय. त्यांनी ब्रदरांना सुचवलं, एक थेंब स्वतःच्या पट्ट्याच्या पितळी बक्कलावर घाला.

"भगिनी, बक्कलाला आत्मा नसतो," ब्रदर म्हणाले.

बाईंनी पर्समधून स्वतःची बाटली काढली आणि एका गुळगुळीत नाण्यावर थेंब टाकला. प्रार्थना केली नाही, जांभई दिली. १९२४ उमटलं.

"फेरिक क्लोराइड," बाई म्हणाल्या. "रेडिओवाले तांबं कोरायला वापरतात, आणि या नाण्यात तांबंच जास्त. ठशाखाली दबलेला धातू आणि शेजारचा धातू सारखे विरघळत नाहीत, म्हणून आकडा दिसतो. पण डाग कायमचा. असं नाणं तपासणारे खराब ठरवतात आणि फी ठेवून घेतात."

ब्रदरांना गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवलं. पेटी मात्र ते विसरले नाहीत.

"मग बाई, माझं साल कसं कळणार?" ऑर्व्हलने विचारलं.

"उलटं कर. मागे गवा कोरलाय ना, त्याच्या पायाखाली काय आहे?"

"मातीचा उंचवटा."

"तो फक्त पहिल्या वर्षी होता, पुढे सपाट रेघ आली. १९१३."

"मग पाठवू तपासायला?"

बाईंनी नाणं कडेने धरून दिव्याखाली तिरकं केलं. गव्याचं शिंग झिजून गेलेलं, काठाला खाच. फी वीस डॉलर, नाणं फार तर पाच डॉलरचं. पाठवू नकोस, म्हणाल्या.

ऑर्व्हलने दंतवैद्याची वेळ पुढे ढकलली. नाणं खिशात ठेवताना हळूच म्हणाला, "बाबांचा जन्म तेरा सालचा. म्हणून सांभाळलं असेल."

हे कळायला त्याला थेंबभरही पाणी लागलं नाही. पैसे आणि टोपी काढण्याआधी वस्तू हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.