चिमटीत न येणारं पोट

पायाचं हाड मोडून प्लास्टर चढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडून राहिलात तर पायात रक्ताची गुठळी होईल आणि ती छातीत गेली तर खेळ खलास. म्हणून रोज सकाळी पोटात एक इंजेक्शन. सुरुवातीला नर्सबाई घरी येऊन देत. मग एके दिवशी त्यांनी सुई माझ्याच हातात ठेवली.

"मामा, उद्यापासून तुमचं तुम्ही. बेंबीच्या जवळ नको, चार बोटं बाजूला. मांसाची चिमटी धरायची, सुई सरळ आत. नंतर चोळायचं नाही."

मी चिमटी धरली. नुसतं कातडं हाती आलं.

"हे पोट आचाऱ्याचं की उपाशी माणसाचं?"

"आचारी चाखतो, बाई. जेवत नाही."

त्या हसल्या नाहीत. शेगडीवरचं चहाचं भांडं आणि बिस्किटांचा पुडा बघत राहिल्या. उभा जन्म मी खानावळीत पंगतीमागून पंगती जेवू घातल्या. खानावळ बंद पडली, तसा माझा हात थांबला. एकट्यासाठी कुठे भांडी खरकटी करायची?

"रोज नीट जेवा, म्हणजे चिमटी येईल," म्हणाल्या आणि वापरलेल्या सुयांचा डबा उशाशी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुई घेऊन बसलो. चिमटी धरली की निसटायची. पोतंभर कांदे चिरणाऱ्या हाताला हे जमेना. आज राहू दे, असंही मनात आलं. मग वाटलं, गुठळी वर चढली तर कळणार कोणाला? दाराला दुधाच्या पिशव्या लटकत राहतील, त्या नासल्यावर कोणीतरी कडी वाजवेल.

खुर्चीत पुढे वाकलो. वाकल्यावर इवलीशी वळी पडली. ती धरली आणि सुई टोचली. आग झाली. चोळायला गेलेला हात मागे घेतला.

"जमलं," मी म्हणालो. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

मग कुबडी घेऊन शेगडीपाशी गेलो. तांदूळ घेतले तर सवयीनं पातेलं भरलं. पुन्हा डब्यात ओतत ओतत मूठभर उरवले. भात आणि उकडलेले बटाटे ताटात वाढले. सवयीनं नुसतं चाखून तसाच उभा राहणार होतो, पण जेवायला बसलो. ताट संपलं.

"आणखी वाढू?" पंगतीत विचारायचो तसं तोंडातून निघून गेलं.

पातेलं पुढे ओढलं. मग मीच म्हणालो, "वाढ."